घोड्याचं चाक

रपट्यावर खडकन आवाज झाला तेव्हा
मला वाटलं, चाळणी निसटली.
उतरून पाहिलं तर पुढच्या घोड्याचं चाक फुटलेलं,
एक फाक आसाला लोंबत, दुसरी नाल्यात,
सोललेल्या संत्र्यासारखी.
घोडा वर उचलून बांधायचा मीच विसरले होते.
रस्त्यावर त्याचं काही काम नसतं,
म्हणून त्याची आठवण राहत नाही.
हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आमची डाळ-मिल ट्रॉलीवर आहे.
गटातल्या नऊ जणींची. ट्रॅक्टर मात्र भाड्याचा,
तो मिल चावडीपाशी सोडून
दिवसभर कोणाच्या तरी वखरणीला जातो,
आणि मिलचं सगळं नाक घोड्यावर टेकतं.
आता ते चार विटांवर टेकलं.
इंजिन सुरू झालं की विटा सरकायच्या,
तूर एकाच बाजूला धावायची,
डाळीत अख्खे दाणे यायचे.
"काय देऊन राहिली, बाई?"
म्हातारे सूप पुढे करून दाखवायचे.

हिंगणघाटचा दुकानदार म्हणाला,
"सुटं चाक येत नाही. अख्खा जॅक घ्या, तीन हजार दोनशे."
"जॅक चांगला आहे, भाऊ. चाकच तेवढं तुटलं."
"कंपनी वेगळं देत नाही."
म्हणजे चपलेचा अंगठा तुटला तर पाय बदला.

मापासाठी मी पऱ्हाटीची काडी नेली होती,
अर्धी ओली, आसाएवढी जाड सोललेली,
आणि उंचीसाठी लुगड्याच्या काठाची चिंधी, दोन गाठींची.
वर्ध्याला काउंटरवरचं पोरगं हसलं.
"एमएममध्ये सांगा ना."
त्याच्या मोबाईलमध्ये चाकंच चाकं,
लाल, निळी, नाव ओढायच्या गाडीचीसुद्धा.
आमच्या नदीत या दिवसांत बकऱ्या चरतात.

पुलगावला रौफभाईंच्या भंगारात
स्ट्रेचरचं चाक निघालं, फारच नाजूक.
पाण्याच्या कॅनच्या हातगाडीचं, वाकडं.
बाळाच्या गाडीचं एक,
ते मी उगाच दोनदा फिरवून पाहिलं.
आणि सगळ्यांत खाली, काळ्या ऑइलात माखलेलं,
बंद पडलेल्या जिनिंगच्या गठाणगाडीचं बिडाचं चाक.
रौफभाईंनी ते उचलून जमिनीवर टाकलं.
कुत्रं उठलं आणि दुसरीकडे जाऊन झोपलं.
"यानं कापसाच्या गठाणी वाहिल्या," ते म्हणाले,
"तुमची तूर म्हणजे याले खेळ."
काट्यावर सहा किलो भरलं. दोनशे चाळीस.

काडी भोकात घातली तर खुळखुळ वाजली.
भोकच मोठं होतं,
की तीन दिवसांत पऱ्हाटी वाळून बारीक झाली,
की माझंच माप चुकलं, कोण जाणे.
लेथवाला वैरागडे काडीकडे बघत राहिला.
मग काही न बोलता मोटरसायकल काढून गावात आला,
विटांपुढे उकिडवा बसून आस मापली,
बोअरच्या जुन्या पाइपाचा तुकडा कापून बुश केला.
पैशांचं विचारलं तर म्हणाला,
"आईकडे दोन कट्टे तूर आहे. तेव्हा पाहू."

चाक बसलं. पहिल्यापेक्षा दोन बोटं उंच,
त्यामुळे मिल आता नाक वर करून उभी राहते.
"हिले लय ऐट आली," शेवंता झाडे म्हणते.
ढकलताना सिमेंटच्या रस्त्यावर असा खडखडाट होतो
की शाळेतली पोरं खिडकीशी येतात.
डाळ मात्र नीट पडते.

वहीत लिहिलं: चाक दोनशे चाळीस,
एसटी एकशे दहा, बुश बाकी.
कारणाच्या रकान्यात थोडा वेळ पेन टेकवून ठेवला
आणि लिहिलं, जुने झाले होते.

निघताना घोडा वर उचलते.
खीळ घालते, वरून तारेचे दोन वेढे.
रपटा आला की ट्रॅक्टर थांबवायला लावते,
उतरून हात लावून बघते.
"काय राह्यलं?" नगराळे वरून विचारतो.
"काही नाही," मी म्हणते. "चाल."